उजवी टाच उत्तम

कुणी चेहऱ्यांचे फोटो काढतं, कुणी मावळत्या सूर्याचे. टाचमास्तर पायांचे काढायचे. तेही भर रस्त्यात, तेही अनोळखी माणसांच्या पायांचे, आणि तेही न विचारता. त्यांनी आजवर लोकांच्या किती शिव्या खाल्ल्या असतील, याची कल्पना वाचणाऱ्याने आपली आपणच करावी.

कृत्रिम पाय बनवायच्या कारखान्यात मास्तर सव्वीस वर्षं काम करत होते. कारखान्यात नवा मॅनेजर आला तेव्हा सगळ्यांनी हात पुढे केले. मास्तरांनी खाली पाहिलं आणि म्हटलं, "साहेब, तुम्ही डाव्या टाचेवर फार भार देता." त्या दिवसापासून त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. गडी सडपातळ, केस कानांवर पांढरे, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू फिरवायची सहाकोनी चावी. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर "राहून गेलं" म्हणायचे, जसं एखाद्याचं दाढी करायचं राहून जातं.

कारखाना म्हणजे एक लांबलचक हॉल. एका भिंतीशी प्लास्टरचे पांढरे साचे ओळीने उभे, प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलेलं माणसाचं नाव. मधे भट्टी, कानशींची फळी, आणि सगळ्यावर पिठासारखी पांढरी धूळ. टोकाला कमरेइतक्या उंचीच्या दोन समांतर दांड्या आणि समोर उभा आरसा. नवा पाय मिळालेला माणूस त्या दांड्या धरून पहिल्यांदा चालायचा. मास्तर सुरुवातीला ज्यांच्या हाताखाली शिकले ते थोरले मिस्त्री त्या दांड्यांकडे बोट दाखवून म्हणायचे, "इथे माणूस चालत नाही, परीक्षा देतो. चालणं बघायचं असेल तर रस्त्यावर जा. आणि बघतोयस हे त्याला कळू देऊ नकोस. कळलं की संपलं." थोरल्या मिस्त्रींनी त्यांना सहा महिने कानशीला हात लावू दिला नव्हता. नुसतं बाकावर बसून पाय बघायचे. मास्तरांनी ते मन लावून केलं, आणि ती सवय पुढे सुटलीच नाही.

नंतर त्यांनी जुना कॅमेरा घेतला. बटण दाबून धरलं की तो एका दमात दहा फोटो काढायचा. एक पाऊल, दहा तुकडे. टाच टेकते, तळवा पसरतो, घोटा पुढे लवंडतो, टाच सुटते, अंगठा जमिनीला निरोप देतो. मग पाय हवेतून पुढे येतो, आणि येताना बूट जमिनीपासून किती वर असतो? बोटाच्या एका पेराएवढा. त्याहून जास्त नाही. रस्त्यावर हजार माणसं भाजी, भांडण, उशीर झालेली बस असं काहीबाही डोक्यात घेऊन चाललेली असतात, आणि त्या हजारांचे दोन हजार पाय पेरभर अंतर राखून न अडखळता पुढे येत असतात. कुणी शिकवलं? कुणी मोजून दिलं? सव्वीस वर्षांनीसुद्धा मास्तर टेबलावर ते फोटो मांडायचे आणि त्यांच्या अंगावर काटा यायचा. हॉलमधले बाकीचे म्हणायचे, बघा, लागली समाधी.

लोकांना हे कसं कळावं? त्यांना दिसायचा तो घडीच्या स्टुलावर फूटपाथला लागून बसलेला, कॅमेरा मांडीत लपवलेला एक बाप्या. चपलांच्या दुकानदाराला वाटलं हा डिझाइन चोरतोय. एका आजीबाईंनी छत्रीने फटका घातला आणि फटका बसल्यावर कारण विचारलं. एका पोलिसाने कॅमेरा हातात घेऊन शांतपणे चाळीसेक फोटो पाहिले आणि हळूच म्हटलं, "माझे कसे आहेत हो?" मास्तर या सगळ्यावर हसायचे. त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. चेहरा माणसाचा असतो, त्याला विचारायला हवं. पाय काय, पाय असतो.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं तोवर ठीक होतं. मग ताईचा पाय गेला.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. त्यांना ती आजही 'धाकट्या' म्हणूनच हाक मारायची, मग समोर मॅनेजर असो की आणखी कुणी. ती इस्पितळात नर्स होती. वॉर्डातले रोगी डोळे मिटूनही तिला ओळखायचे, कारण तिच्यासारखं झपझप कुणी चालत नसे. ती यायच्या आधी तिचे बूट यायचे. एका दुपारी इस्पितळाच्या गोदामाच्या फाटकात एक ट्रक मागे आला, आणि ताईचा डावा पाय गुडघ्याखाली चार बोटं राहिला.

"रडतोस काय?" शुद्धीवर आल्यावर ती भावाला म्हणाली. "तू पाय बनवतोस ना? मग बनव."

त्यांनी बनवला. जीव ओतून बनवला. उरलेला पाय ज्यात बसतो तो वाडगा त्यांनी तीन वेळा नव्याने ओतला. ताई दांड्या धरून उभी राहिली, आरशाकडे चालली, आणि मास्तरांना दिसलं की तिचा खांदा डावीकडे झुकतोय. "थांब ताई," ते म्हणाले, "काढ, मी नीट करतो." नीट केला. मग कंबर उचलली जात होती. "थांब." दुसरा पाय, तिसरा पाय. अडीच वर्षांत सात पाय झाले. कारखान्यात बाहेरगावाहून माणसं मास्तरांचं नाव घेऊन यायची आणि चालत परत जायची. त्यांच्या घरी मात्र ताई खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसलेली असायची, आणि पलंगाखाली पाय ओळीने पडलेले असायचे.

सातवा पाय काढून ठेवला त्या दिवशी ताई म्हणाली, "धाकट्या, आता एकच. आठवा. तो बसला तर बसला. नाहीतर मला हे नको. मी खुर्चीत बरी आहे." ती चिडून बोलली असती तर मास्तरांना चाललं असतं. ती थकून बोलली होती. मास्तरांनी तिला थकलेलं कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

आता चुकायला जागा नव्हती. आठवा पाय बनवायच्या आधी त्यांना अशी एक चाल हवी होती, जी जशीच्या तशी पायात उतरवता येईल. ताईसारखीच झपझप, वजन घेऊन चालणारी, जिना न कुरकुरता चढणारी. महिनाभर ते रस्ते धुंडाळत होते. आणि मग बाजाराच्या रस्त्यावर, फळगाडी आणि चष्म्याचं दुकान यांच्या मधे, त्यांना ती सापडली.

ती टपाल वाटणारी बाई होती. चाळिशीची, खात्याचा गणवेश, फुलपँट, काळे बांधायचे बूट, खांद्यावर भरलेली पिशवी. सकाळी साडेदहाच्या सुमारास ती फळगाडीपाशी वळायची, सतरा पावलांत समोरच्या इमारतीच्या पायरीशी पोचायची आणि तीन मजले चढून जायची. मास्तरांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बटण दाबायचं विसरले. तिच्या चालण्यात एकही कण वाया जात नव्हता. पिशवी एका खांद्यावर असूनही कंबर सरळ, आणि उजवी टाच अशी टेकायची की जमीन तिच्या ओळखीची आहे. मास्तर त्या रात्री ताईला जेवण वाढताना दोनदा हसले. "काय रे?" ती म्हणाली. "काही नाही," ते म्हणाले, "सापडलं."

तीन आठवडे ते रोज सकाळी रजेचा तास टाकून तिथे बसत होते. फोटो काढायचे आणि वहीत नोंद करायचे. चष्मेवाला मात्र आठ दिवसांपासून त्यांच्यावर नजर ठेवून होता. दुसऱ्यांची नजर तपासणं हा त्याचा धंदाच होता.

त्या गुरुवारी टपालबाई वळल्या, कॅमेरा कटकटकट वाजला, आणि मास्तरांच्या खांद्यावर हात पडला.

"काय चाललंय हे?" चष्मेवाला म्हणाला.

"काही नाही. पाय."

"पाय?" त्याने कॅमेरा हिसकावून घेतला. मागच्या छोट्या पडद्यावर एकामागून एक पाय सरकू लागले. फळवाला गाडी सोडून आला. एक तरुण मोटरसायकल उभी करून, हेल्मेट डोक्यावरच ठेवून, भांडायला आला. काय झालंय हे त्याला माहीत नव्हतं, पण तयारी पूर्ण होती.

"अरे, हे तर आपल्या टपालवाल्या बाईंचे बूट!" फळवाला ओरडला. "हे पण. हे पण. सगळे त्यांचेच!"

स्टूल उलटलं, पिशवी पडली, पिशवीतून वही पडली. चष्मेवाल्याने ती उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली. "सोमवार, सकाळी दहा बत्तीस. टपालबाई. सतरा पावलं. पिशवी भरलेली." त्याने पान उलटलं. "बुधवार. टपालबाई सात मिनिटं उशिरा. वाट पाहिली."

'वाट पाहिली' या दोन शब्दांनी घात केला. गर्दीतून एक बाई म्हणाली, "शी!" हेल्मेटवाल्याने मास्तरांची कॉलर धरली. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या वर्षांत त्यांनी शिव्या खाल्ल्या होत्या, छत्री खाल्ली होती, पण आज पहिल्यांदा त्यांची स्वतःची वही दुसऱ्याच्या तोंडून त्यांच्या कानावर पडत होती. आणि ती ऐकताना त्यांनाही ती एखाद्या लोचट माणसाची वाटली.

"पोलिसांना बोलवा!"

"आधी कॅमेरा फोडा!"

"थांबा, थांबा," मास्तर कळवळून म्हणाले. "फोडू नका. त्यात माझ्या ताईचा पाय आहे." यावर लोक आणखीच भडकले, कारण याचा अर्थ कुणालाच लागला नाही.

तेवढ्यात पायरीपाशी पोचलेल्या टपालबाईंना कुणीतरी बोलावून आणलं. त्या आल्या, गर्दीने वाट करून दिली. पत्ते विचारून विचारून त्यांचा आवाज मोकळा झालेला होता. "काय झालं?"

"बाई, हा माणूस तीन आठवडे तुमच्या मागावर आहे," चष्मेवाला म्हणाला. "फोटो काढतो. तुमच्या पायांचे!"

त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. "माझे?"

"हो."

"मला विचारलंत?"

"नाही."

"का नाही विचारलं?"

"विचारलं की चाल बदलते," मास्तर म्हणाले. जन्मभर हे उत्तर त्यांना पुरलं होतं.

"आणि मी नको म्हटलं असतं तर?"

पाय काय, पाय असतो, हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं आणि तिथेच वाळलं. समोर उभ्या बाईला हे सांगायची त्यांची छाती झाली नाही.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मी पाय बनवतो. कृत्रिम. माझ्या बहिणीसाठी मला तुमच्यासारखी चाल हवी होती. बाकी काही नाही हो."

"पाय बनवतो म्हणे!" हेल्मेटवाला म्हणाला. "थाप तरी नीट मार!"

"बाई, तुम्ही हे ऐका," चष्मेवाला म्हणाला. त्याला मधल्या एका पानावर पक्का पुरावा मिळाला होता. "शुक्रवार. जिना चढताना मागून पाहिलं. उजवी टाच उत्तम. असा पाय माणसाच्या हातून होणे नाही."

टपालबाईंचा चेहरा एकदम स्थिर झाला. "परत वाचा."

"उजवी टाच उत्तम. असा पाय माणसाच्या हातून होणे नाही."

"कुठली टाच?"

"उजवी."

टपालबाई हसल्या. आधी नुसत्या ओठांनी, मग खांदे हलवून, मग पिशवी छातीशी धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत. गर्दी चक्रावली. फळवाल्याने घाईघाईने सफरचंदांची रिकामी पेटी उपडी करून दिली, त्यावर त्या बसल्या. डोळे पुसले. क्षणभर रस्त्याकडे, तिथल्या ओळखीच्या तोंडांकडे त्यांनी एकदा नीट पाहून घेतलं, जणू निघताना घर पाहून घ्यावं. मग वाकून त्यांनी उजव्या पँटची कड गुडघ्यापर्यंत वर केली.

बुटातून एक करड्या रंगाची नळी वर आली होती. नळीच्या वर वाडगा, वाडग्यात गुडघा. टपालबाईंनी हातातल्या किल्ल्यांनी नळीवर दोनदा वाजवलं. टण, टण.

हेल्मेटवाल्याने हेल्मेट काढलं. का काढलं हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"नऊ वर्षं," फळवाला म्हणाला, "नऊ वर्षं तुम्ही समोर आमच्या घरी तीन मजले चढून टपाल देता."

"मग?"

त्याने मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. मास्तरांचं काय झालं ते सांगायलाच नको. ते कॉलर सोडवून घेऊन भर रस्त्यात गुडघ्यांवर बसले, आणि ज्याला त्यांनी तीन आठवडे अस्सल पाय समजून पूजलं होतं, त्या पायाकडे पाहत राहिले. सव्वीस वर्षं पाय बनवणारा माणूस! चालताना पाऊल वाकलं की बुटावर बोटांपाशी चुण्या पडतात, त्या उजव्या बुटावर नव्हत्या. हे त्यांनी पाहिलं होतं. पाहून वहीत लिहिलंही होतं: 'बूट नवा.' डावा बूट जुना आणि उजवा नवा असा जोड कुठल्या दुकानात मिळतो, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

आणि पाय तरी कसला? इस्पितळात फुकट मिळतो तसला. रबर झिजलेलं, एक स्क्रू मूळचा, दुसरा भलत्याच मापाचा. मास्तरांच्या कारखान्यात हा पाय कुणी आणला असता तर त्यांनी तो टोपलीत टाकला असता. त्यांचा हात आपोआप खिशातल्या चावीकडे गेला. "हा वाकडा बसवलाय," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "बोटभर बाहेर वळलाय."

"माहीत आहे," टपालबाई म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वी एका तुमच्यासारख्यानेच सरळ करून दिला होता. आठ दिवस मला चालता येईना. परत वाकडा करून घेतला."

मास्तरांनी चावी खिशात ठेवली. काहीतरी फार मोठं आपल्यासमोर बसलंय आणि आपण इतकी वर्षं भलतीकडेच बघत होतो, असं त्यांना वाटलं. त्यांनी स्वतःच कॅमेरा मागून घेतला आणि टपालबाईंसमोर एकेक फोटो पुसायला लागले. तीन आठवड्यांची मेहनत होती. आठवा पाय त्यातूनच यायचा होता. पण त्यांनी एकही ठेवला नाही.

टपालबाई बघत होत्या. शेवटचा फोटो गेल्यावर त्यांनी विचारलं, "बहिणीला किती दिवस झाले?"

"अडीच वर्षं. सात पाय केले मी."

"सात. आणि त्या चालल्या किती?"

"म्हणजे?"

"तुम्ही पाय सात केलेत. त्या चालल्या किती?"

मास्तर आठवू लागले. दांड्यांच्या मधे पाच पावलं, आठ पावलं. तिसऱ्या पायावर अकरा. अकराच्या पुढे कधीच नाही. "खांदा झुकला की मी थांबवायचो," ते म्हणाले. "नीट करायला."

"मी दीड वर्ष वाईट चालले," टपालबाई म्हणाल्या. "इतकी वाईट, की रस्त्यावर लोक वळून बघायचे. तेव्हा मी दुसऱ्या भागात टपाल वाटायचे, म्हणून इथल्या कुणाला माहीत नाही. रोज वाईट चालायचे. मग एक दिवस कमी वाईट. तुमच्या ताईंना वाईट चालू कुणी दिलंच नाही हो."

त्या उठल्या, पँटची कड खाली केली. "आता उद्यापासून तुम्ही सगळे माझ्या पायाकडेच बघणार," त्या गर्दीला म्हणाल्या. हे बोलताना त्या हसत नव्हत्या.

"बाई, तुम्ही वर चढू नका," फळवाला घाईघाईने म्हणाला. "आमचं टपाल इथे गाडीवरच देत जा."

"अडवलंत तर बघा," टपालबाई म्हणाल्या आणि पायरीकडे निघाल्या. सतरा पावलं. नुकतंच सगळं उघड पाहिलेलं होतं, तरी त्यातली कुठली पावलं रबराची आणि कुठली हाडामांसाची, हे त्या पन्नास माणसांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. चष्मेवाल्याने वही मिटून मास्तरांच्या हातात दिली आणि उलटलेलं स्टूल सरळ केलं.

घरी येऊन मास्तरांनी ताईला सगळं सांगितलं. कॉलर धरली ते सांगितलं, वहीतलं 'वाट पाहिली' सांगितलं, त्यावर ती इतकी हसली की खुर्ची हलली. नळीवर किल्ल्या वाजल्याचं सांगितलं तेव्हा ती हसायची थांबली. अकरा पावलांचं सांगताना मास्तरांचा आवाज फुटला. "मीच तुला बसवून ठेवलं, ताई," ते म्हणाले. "मी. दुसऱ्या कुणी नाही."

ताईने पलंगाखालच्या पायांकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "किती वाजता येते ती?"

"साडेदहा."

"मला बघायची आहे."

"आठवा पाय अजून..."

"आठवा करू नकोस. पलंगाखाली आहेत त्यातला काढ. कमी टोचतो तो. चौथा बहुतेक."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी खुर्ची ढकलत ताईला बाजाराच्या रस्त्यावर नेलं. फळवाल्याने त्यांना ओळखलं, काही न बोलता गाडी थोडी सरकवून जागा करून दिली. साडेदहाला टपालबाई वळल्या. त्यांनी या दोघांकडे पाहिलं, ताईच्या पायाकडे मात्र पाहिलं नाही, किंचित मान हलवली आणि त्याच चालीने पुढे गेल्या. ताई पुढे झुकून बघत होती. वॉर्डात एखादा रोगी उठून पहिल्यांदा फिरायला लागला की ती तशी बघायची. टपालबाई जिन्यात दिसेनाशा झाल्या तरी ती तिथेच बघत होती.

मग तिने फळगाडीची कड धरली आणि उभी राहिली.

पहिलं पाऊल भयंकर होतं. दुसरं त्याहून. कंबर वर उचलली जात होती, खांदा डावीकडे कोसळत होता, पाय अर्धवर्तुळ काढत पुढे येत होता आणि बूट जमिनीला घासत होता. लोक वळून बघायला लागले. एक भला माणूस हात द्यायला धावला, ताईने त्याला डोळ्यांनीच थांबवलं. मास्तरांना सगळं दिसत होतं. नळी दोन सूत लांब आहे, वाडगा मागे कलायला हवा, पाच मिनिटांचं काम. त्यांचे हात शिवशिवत होते. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि खिशातली चावी मुठीत घट्ट आवळली. नऊ. दहा. अकरा.

'थांब' हा शब्द त्यांच्या घशापर्यंत आला. त्यांनी तो गिळला.

ताईने बारावं पाऊल टाकलं. तेही वाईटच होतं. मग तेरावं. चष्म्याच्या दुकानापाशी ती भिंतीला टेकली, श्वास घेतला आणि पुढे निघाली. मास्तरांच्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं. त्यांनी आयुष्यभर पाहिलेल्या हजारो सुरेख चालींमधे इतकं अचाट काही पाहिलं नव्हतं. एक बाई, वेडीवाकडी, घासत, हिंदकळत, भर रस्त्यातून स्वतःच्या पायांनी चालत होती. ते तिच्या मागे दोन हात अंतर ठेवून चालत राहिले, आणि पावलं मोजायचं त्यांनी सोडून दिलं.

इमारतीच्या पायरीशी पोचून ताई बसली. घामाने निथळत होती, चेहरा लालबुंद. टपालबाई जिन्यावरून खाली येत असल्याचा आवाज वरून येऊ लागला होता.

"धाकट्या," ती धापा टाकत म्हणाली, "काढलास का फोटो?"

"नाही ग. विचारल्याशिवाय कसा काढू?"

"मग विचारलं समज. काढ."

मास्तरांनी रिकामे हात पुढे केले. "कॅमेरा घरी ठेवलाय."

"बरं," ताई म्हणाली. तिने वाकून बुटाची नाडी घट्ट बांधली. "उद्या आण मग. उद्याही मी अशीच वाईट चालणार आहे."